वर्कबॉक्सचं बॅकग्राउंड सिंक: केळीच्या पावत्यांसाठी वापरून बघितलं

रावेर-यावलकडे केळी कापणी लागली की वजन मळ्यातच होतं आणि पावती तिथल्या तिथे व्हायला पाहिजे, पण रेंजचं काही खरं नसतं, पालच्या बाजूला सातपुड्यात शिरलात तर विचारूच नका. अशा कामासाठी वेब ॲप करत असाल तर गुगलच्या क्रोमवाल्यांची वर्कबॉक्स ही फुकट लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) डोळे झाकून घ्या, इतकी मला आवडलीय.

तिच्यातल्या बॅकग्राउंड सिंकचं काम सोपंय. पावती सेव्ह केली, नेट नाही, तर सर्व्हरला जाणारी ती रिक्वेस्ट फोनमध्येच इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये, रांगेला लागते, आणि रेंज आली की क्रोम सर्व्हिस वर्करला (पेजच्या मागे चालणारी ॲपची स्क्रिप्ट) उठवून एकेक पाठवतं, मधे टॅब बंद केला असला तरी. हेच स्वतः लिहायला बसलात तर डोक्याचं भजं होतं भो!

पण काही गोष्टी आधीच बघून घ्या. रांगेत रिक्वेस्ट ७ दिवसच राहते, वेळ बदलता येते पण मुदत संपली की गुपचूप उडते, कोणाला सांगत नाही. सर्व्हरने ५०० एरर (सर्व्हरमध्येच बिघाड) दिली तर ती रांगेत जातच नाही, ते आपल्याला वेगळं लिहावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हरला पावती पोचली पण उत्तर परत येताना रेंज गेली तर फोन तीच पावती पुन्हा पाठवतो, म्हणजे एकाच गाडीचं वजन दोनदा चढणार आणि शेतकऱ्याच्या हिशोबात घोळ होणार. म्हणून पावतीचा युनिक आयडी फोनवरच बनवा आणि तो आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद करायचीच नाही, हे वर्कबॉक्स करून देत नाही, आपलंच काम आहे.

टेस्ट करताना डेव्हटूल्समधल्या (क्रोममधली डेव्हलपरची साधनं) ऑफलाइनच्या टिकवर जाऊ नका, तो पेजच्या रिक्वेस्ट अडवतो, सर्व्हिस वर्करच्या नाही असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, सरळ वायफाय बंद करा नाहीतर सर्व्हर बंद करा, मग डेव्हटूल्सच्या ॲप्लिकेशन टॅबमध्ये इंडेक्स्डडीबीखाली workbox-background-sync नावाच्या डेटाबेसमध्ये पावती अडकलेली दिसते.

सफारी आणि फायरफॉक्समध्ये ब्राउझरचं स्वतःचं बॅकग्राउंड सिंक नाहीये. तिथे सर्व्हिस वर्कर पुन्हा सुरू झाला की मगच रांग पुढे सरकते, त्यामुळे आयफोनवाल्या व्यापाऱ्याला सांगून ठेवा, रेंजमध्ये आलात की ॲप एकदा उघडा.