लॉटरीच्या ‘सांख्यिकी चाळणी’त मी 1,58,000 रुपये कसे घालवले

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी 26 वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले. यंत्रावरून उतरलेल्या नगांची मापे घ्यायची, सरासरी व प्रमाण विचलन (म्हणजे सिग्मा, मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत याचा आकडा) काढायचे आणि एखादे माप तीन सिग्माच्या बाहेर गेले की यंत्रात काय बिघडले ते शोधायचे, यातच माझी नोकरी गेली. हे आधीच सांगतो, कारण मला ज्याने फसवले त्याला माझे हे अर्धे ज्ञानच उपयोगी पडले. सिग्मा हा शब्द ज्याने कधी ऐकलेला नाही, असा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी उठून घरी गेला असता.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्यामुळे मी शाहूपुरीतील एका लॉजच्या सभागृहात लॉटरीच्या अंकांवरील मोफत व्याख्यानाला गेलो. वक्त्याला सगळे ‘सर’ म्हणत होते, म्हणून मीही येथे तेच लिहितो. सरांनी सुरुवातीलाच शुभ अंक, स्वप्नात दिसलेले अंक आणि ज्योतिष यांची यथेच्छ टिंगल केली आणि मी मनोमन त्यांच्या बाजूचा झालो. आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटावर क्रमांक आधीच छापलेला असतो, त्यामुळे ती सरांच्या कामाची नव्हती. त्यांनी कॅनडातील 6/49 ही लॉटरी घेतली होती, जिच्यात 1 ते 49 यांतील सहा अंक आपणच निवडायचे असतात. असे एकूण 1,39,83,816 संच होतात, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले आणि ते बरोबर होते.

पुढचेही बरोबरच होते. सहा अंकांच्या बेरजेची सरासरी 150 आणि प्रमाण विचलन सुमारे 33 येते, त्यामुळे शंभरातील सुमारे 72 सोडतींची बेरीज 115 ते 185 या पट्ट्यात पडते. सहापैकी दोन, तीन किंवा चार अंक विषम असण्याचे प्रमाण 81 टक्के आहे. त्यानंतर निवडलेल्या सहा अंकांचे आपसातील प्रमाण विचलन, लगतच्या अंकांमधील अंतरे, शेवटच्या आकड्यांची विभागणी अशी एकेक चाळणी, म्हणजे न बसणारे संच वगळण्याचा नियम, आली आणि प्रत्येकीसोबत मागील पन्नास सोडतींचा तक्ता आला. दर तक्त्यात दहापैकी सात-आठ सोडती चाळणीतून पार होताना दिसत. शेवटी सर म्हणाले, “सगळ्या चाळण्या लावल्या की 1 कोटी 40 लाखांतले 40 लाख संच उरतात. तुमची संधी साडेतीनपट झाली.” सभागृहात टाळ्या पडल्या, त्यांत माझीही होती. मी त्याच आठवड्यात 18,000 रुपये भरून त्यांचे सॉफ्टवेअर घेतले.

खरी रक्कम त्यानंतर गेली. कोल्हापुरात बसून कॅनडाचे तिकीट घेता येत नाही म्हणून सरांनी ‘गट’ काढला. आम्ही चाळलेले संच कळवायचे, पैसे मोबाईलवरून त्यांच्या खात्यावर टाकायचे आणि त्यांचा तिकडचा माणूस तिकिटे घेऊन छायाचित्रे पाठवणार, अशी पद्धत होती. सात महिन्यांत मी 1,40,000 रुपये दिले. मधून मधून तीन-चार अंक जुळल्याचे सांगून किरकोळ बक्षीस ‘पुढच्या तिकिटांत वळते’ केले जाई. रोख रुपया कधीच हाती आला नाही. मग गडहिंग्लजच्या एका सभासदाने त्याला आलेले छायाचित्र मला दाखवले. अंक वेगळे होते, पण त्याच्या आणि माझ्या तिकिटावरचा अनुक्रमांक एकच होता. तिकिटे कधी घेतलीच गेली नव्हती.

मात्र मला जास्त लागले ते दुसरेच. तिकिटे खरी असती तरीही त्या चाळणीने मला काहीच दिले नसते, हे माझ्या पुतणीने मला एका दुपारी समजावले. ती शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. मी सरांचे तक्ते तिच्यासमोर ठेवले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “काका, सगळ्या चाळण्या एकदम लावलेला तक्ता कुठे आहे?” तसा तक्ता नव्हता. सरांनी प्रत्येक चाळणी वेगवेगळी दाखवली होती आणि संच मात्र सगळ्या मिळून वगळले होते. पुतणीने हौजीच्या डब्यातील 1 ते 49 या सोंगट्या एका कळशीत घातल्या, सहा-सहा करून वीस वेळा सोडत काढली आणि प्रत्येक निकाल सरांच्या सॉफ्टवेअरमधून काढला. वीसपैकी सहाच निकाल पार झाले. 1 कोटी 40 लाखांतले 40 लाख संच ठेवले की सोडतीही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे दहापैकी जेमतेम तीन, हाती राहतात. उरलेल्या सात आपणच फेकलेल्या ढिगात पडतात. हातातल्या एका तिकिटाची संधी चाळणीआधीही 1,39,83,816 मध्ये एक होती आणि नंतरही तेवढीच राहिली.

मधल्या बेरजा जास्त वेळा येतात याचे कारण चेंडूंना त्या आवडतात हे नसून तसे संचच जास्त आहेत हे आहे. 21 ही बेरीज 1, 2, 3, 4, 5, 6 या एकाच संचाची येते, तर 150 ही बेरीज देणारे संच दीड लाखाहून अधिक आहेत. पण त्या दीड लाखांतला कोणताही एक संच 1 ते 6 या संचापेक्षा तसूभरही वरचढ नसतो. कारखान्यात हत्यार झिजते, साच्याच्या वाळूतील ओलावा बदलतो, म्हणजे माप सरकण्यामागे कारण असते आणि ते शोधण्यासाठी सिग्मा लागतो. सोडतीत शोधण्यासारखे कारणच नाही. हा फरक ओळखणे हेच माझे 26 वर्षांचे काम होते, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

चाळणीने नुकसान मात्र होऊ शकते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतही तेव्हा 49 अंकांतून सहा निवडत. 14 जानेवारी 1995 रोजी तेथे 7, 17, 23, 32, 38, 42 हे अंक निघाले. बेरीज 159, तीन सम, तीन विषम, प्रमाण विचलन सुमारे 13. सरांच्या प्रत्येक चाळणीतून सहज पार होणारा संच. तो 133 जणांनी निवडलेला होता, त्यामुळे पहिले बक्षीस वाटले जाऊन प्रत्येकाला सुमारे 1 लाख 22 हजार पौंडच मिळाले. नीट विखुरलेले अंक निवडण्याची ओढ सगळ्यांनाच असते.

तक्रार करायला मी तीन आठवडे लावले, कारण लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनी मनाई आहे, हे मला उशिरा कळले आणि आपणच अडकू अशी भीती वाटली. तोपर्यंत सरांचे खाते रिकामे झाले होते. कोणी असे पैसे नुकतेच पाठवले असतील तर त्यांनी आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरच्याचे खाते हाताशी ठेवावे, संवाद पुसून टाकू नयेत. आमच्या गटातील तिघांनीच आजवर तक्रार दिली आहे. बाकीच्यांना घरी सांगायचे धाडस होत नाही, आणि त्यांतला एक जण अजूनही दर बुधवारी सॉफ्टवेअर उघडून संच चाळत बसतो.