गाडीत स्क्रीन बसवायचीय? होल्डरवरचा मोबाइल, कंपनीची टचस्क्रीन की बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ

मेहुण्याने मागच्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली. आत साधा रेडिओ होता, म्हणून आम्ही दोघं ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ दाखवला, मागच्या गुच्छातली एक वायर बाजूला काढली आणि म्हणाला, "दादा, ही हँडब्रेकची. अर्थिंगला जोडून टाकतो, मग चालू गाडीतही यूट्यूब दिसेल. सगळे तसंच करून घेतात."

स्टिरिओ घेणार असाल तर निर्णय या वायरीपाशीच घ्यायचा आहे. हँडब्रेक ओढलेला असला की या वायरीतून इशारा मिळतो आणि मगच व्हिडिओ लागतो. ती थेट अर्थिंगला दिली की धावती गाडीही स्टिरिओच्या लेखी उभीच असते. काही मॉडेलांत वायरीऐवजी सेटिंगमध्येच ही सूट देतात. तीही बंद करून घ्या. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली की 55 मीटर रस्ता न बघता मागे पडला. तेवढ्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला तर?

कंपनीच्या टचस्क्रीनवर ही काळजी फारशी नाही. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) लावलं की चालत्या गाडीत नकाशा, फोन, गाणी मिळतात. व्हिडिओ लागत नाही. मात्र त्यासाठी बऱ्याचदा वरचं व्हेरियंट घ्यावं लागतं. एसीची बटणंही स्क्रीनमध्येच असतील तर मी ती गाडी घेणार नाही. साधं बटण न बघता हाताला सापडतं.

होल्डरवरचा मोबाइल सगळ्यात स्वस्त. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत गाडी चालवताना हातात धरण्याजोग्या फोनला मुभा आहे ती फक्त रस्ता शोधण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. अडचण अशी की इथे रील थांबवणारी वायरच नाही, सगळा भार तुमच्या मनावर. होल्डर काचेच्या मधोमध किंवा एअरबॅगच्या झाकणावर लावू नका आणि निघण्याआधी नोटिफिकेशन बंद करा.

गाडी चालवताना हातातला फोन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहनचालनात मोडतं. पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फिट केलेला स्टिरिओ हातातला फोन नव्हे, म्हणून सुटका होईल असं समजू नका. बेपर्वाईने गाडी चालवणंही याच कलमात येतं. मार्च 2025 मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरी बसचा चालक मोबाइलवर क्रिकेट बघत असल्याचा व्हिडिओ एका प्रवाशाने काढला आणि त्या चालकाची नोकरी गेली. मागे बसलेल्या सगळ्यांचा जीव त्याच्या हातात होता, याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मुलांसाठी मागच्या सीटवर टॅब चालेल, पण पट्ट्याने घट्ट बांधलेला. मोकळा टॅब करकचून ब्रेक लागल्यावर थेट डोक्यात बसतो.

जुन्या गाडीसाठी माझं मत अँड्रॉइड ऑटोवाल्या स्टिरिओला, हँडब्रेकची वायर नीट जोडलेल्या. मेहुण्यानेही तोच घेतला. मुलाने कन्सोल उघडून वायर स्विचपर्यंत नेली, अर्धा तास जास्त लागला. दुकानासमोर हँडब्रेक सोडताच व्हिडिओ बंद झाला, तेव्हाच आम्ही पैसे दिले.