शिसं मोजणारी सेवा, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

बॅटरी कारखानदारांनी हवेतलं आणि कामगारांच्या रक्तातलं शिसं मोजणारी ही सेवा जरूर घ्यावी. हवा ओढणारा पंप कामगाराच्या पट्ट्याला, धूळ अडवणाऱ्या फिल्टरची कॅसेट (डबी) कॉलरला, नाकातोंडापासून 30 सेंटीमीटरच्या आत लावतात. भिंतीला टांगून मोकळे होत नाहीत. प्रवाह मिनिटाला 2 लिटर, तो पाळीआधी आणि पाळीनंतरही तपासतात. अहवालात जुन्या कारखाना कायद्याची (1948) मर्यादा, घनमीटरला 0.15 मिलिग्रॅम, 8 तासांची सरासरी, शेजारीच छापलेली असते.

रक्ताच्या तपासणीबाबत मात्र नाराजी आहे. बोट टोचून थेंब घेतात. कातडीवर शिशाची धूळ असली की आकडा फुगतो. आधी साबणाने हात-दंड धुवायला लावा आणि रक्त शिरेतून, शिसेमुक्त नळीतच घ्यायला सांगा. हवेचा नमुना गड्डा यात्रेच्या दिवसांत, निम्मे कामगार रजेवर असताना नकोच. भट्टी पूर्ण चालू असतानाच घ्या.