प्रवासाच्या भीतीवर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्यात राहून दादरला आईकडे मी चार वर्षं गेले नव्हते. कारण घाट. घाटातल्या मंकी हिल स्टेशनला रेल्वे थांबली की छातीत धडधड, हातपाय गार, आता श्वास अडकणार असं वाटायचं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल.

पहिल्या समुपदेशकांकडची तीन सेशन्स वाया गेली. 'पॉझिटिव्ह राहा' यापलीकडे हाती काही लागलं नाही. दुसऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपोआप ओसरतो. मी त्याआधीच उतरून पळायचे, त्यामुळे पळाले म्हणूनच वाचले, अशी मनाची खात्री होत गेली.

मग भीतीची शिडी केली, म्हणजे कमी भीतीच्या प्रवासापासून जास्त भीतीच्या प्रवासापर्यंतची यादी. प्रत्येक पायरीला 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा. शिवाजीनगर ते खडकी लोकल 35, पुढे चिंचवड, तळेगाव, लोणावळा. क्लिनिकमध्ये बारीक स्ट्रॉमधून मॅडम मिनिटभर श्वास घ्यायला लावायच्या. तसाच जीव घुसमटतो, पण होत काही नाही.

सगळ्यात जड गेलं ते आधार सोडणं. पर्समधली गोळीची पट्टी, पाण्याची बाटली, दाराजवळची सीट, दर स्टेशनला नवऱ्याला फोन. मॅडम म्हणाल्या, "हे घेऊन गेलात तर श्रेय बाटलीला जाईल." एकेक करून सोडलं (गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच).

सहाव्या महिन्यात डेक्कन क्वीन, डब्याच्या मधोमध सीट. वहीत अजून आहे: खंडाळा 70, मंकी हिल 85, ठाकूरवाडी 60, कर्जत 25. मंकी हिलनंतरच्या बोगद्यात डोळे उघडे ठेवले. अक्षर इतकं थरथरलंय की 85 चा 8 नीट वाचता येत नाही. दादरला आई प्लॅटफॉर्मवर उभी होती.

खर्च आहेच. सेशनला 1200 रुपये, माझी सोळा झाली. गणपतीत तीन आठवडे गृहपाठ बुडाला आणि दोन पायऱ्या खाली आले, त्या पुन्हा चढाव्या लागल्या. परवडत नसेल तर निदान सुरुवातीला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पुण्याला परत येताना कर्जतला गाडीला घाट चढवायला मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडतात, तो धक्का बसला की अजून पोटात गोळा येतो. आकडा 30. विमान शिडीवर सगळ्यात वर लिहिलंय, त्याला अजून हात लावलेला नाही.