एज ऑफ एम्पायर्स २ डीई: कॉम्प्युटरशी एकट्याने खेळणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सरळ सांगतो, मी मल्टिप्लेअर खेळत नाही. ग्रुपमधले अर्धे हिंजवडीत शिफ्टमध्ये अडकलेले, उरलेल्यांच्या घरी लहान पोरं, त्यामुळे रात्री जेवणं आटपली की समोर असतो तो कॉम्प्युटरच. म्हणून गेम घेताना ग्राफिक्सबिफिक्स नंतर, आधी हा समोरचा नीट खेळतो का ते बघायचं, आणि त्या हिशोबात एज ऑफ एम्पायर्स २ या गाव वसवून सैन्य उभं करायच्या स्ट्रॅटेजी गेमची २०१९ ची ही डेफिनिटिव्ह एडिशन (डीई) आजही पैसा वसूल आहे.

कारण यातला एआय (म्हणजे समोर खेळणारा कॉम्प्युटर) चीटिंग करत नाही. १९९९ च्या मूळ गेममध्ये सगळ्यात अवघड लेव्हलला कॉम्प्युटरला वरून फुकटचा माल मिळायचा, इथे एक्स्ट्रीमवरसुद्धा तो तुमच्याएवढ्याच लाकूड-सोन्यात भागवतो आणि तरी मार देतो, कारण त्याचे गावकरी रिकामे बसत नाहीत, फ्यूडलमध्येच (खेळाच्या दुसऱ्या युगातच) तो तुमच्या दारात हजर होतो आणि मँगोनेलचा (दगड फेकणाऱ्या यंत्राचा) दगड सुटला की त्याचे तिरंदाज बाजूला पांगतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शिवी हासडली, पण कौतुकाने. सेटिंगमध्ये जुना १९९९ चा एआयपण निवडता येतो. दोघांना एकमेकांवर सोडा आणि चहा पीत बघत बसा, वीस वर्षांत काय फरक पडला ते समजावून सांगावं लागणार नाही.

आता याच्यासमोर सिव्हिलायझेशन ६ (थोडक्यात सिव्ह, आळीपाळीने चाली खेळत साम्राज्य उभारायचा गेम) ठेवा. मला गेम म्हणून आवडतो, पण त्यात प्रिन्स या मधल्या लेव्हलच्या वर गेलात की कॉम्प्युटर हुशार होत नाही, नुसता श्रीमंत होतो. डेइटी या सगळ्यात अवघड लेव्हलला तुम्ही एक सेटलर (शहर वसवणारं युनिट) घेऊन निघता आणि तो तीन घेऊन, वर प्रॉडक्शनला, सायन्सला, लढाईलासुद्धा बोनस. आणि एवढं असूनही तटबंदीच्या शहरापुढे त्याचं सैन्य ताटकळत उभं. २०१० च्या सिव्ह ५ पासून नकाशाच्या एका घरात एकच लढाऊ युनिट हा नियम आला, खेळायला मजेदार आहे, पण सैन्य कसं मांडायचं हे कॉम्प्युटरला फार अवघड जातं, सिव्ह ४ मधला ढीग घेऊन चालून येणारा एआय त्यापेक्षा बरा वाटायचा. इन टू द ब्रीच या छोट्या टर्न-बेस्ड गेमवाल्यांनी (२०१८) हा प्रश्नच वेगळ्या पद्धतीने सोडवला, शत्रू पुढची चाल आधीच दाखवतो आणि आठ बाय आठच्या पटावर तुम्हीच घाम गाळायचा.

किमतीचं म्हणाल तर एआयचा आणि किमतीचा काही संबंध नसतो. जगातला सगळ्यात तगड्यांपैकी एक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, स्टॉकफिश, पूर्ण फुकट आहे. आणि दुसरीकडे मागच्या दिवाळीत मी एक नवा महागडा फोरएक्स (सिव्हसारखा साम्राज्य वाढवायचा लांबलचक गेम) घेतला (नाव घेत नाही), पहिल्या शंभर टर्न झकास, मग शेजारच्या राजाने राजधानी मोकळी सोडून सगळं सैन्य समुद्रात फिरवायला नेलं. तोपर्यंत रिफंडची मुदत कधीच उलटून गेलेली.

खरी गोम इथेच आहे. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) रिफंड मिळतो तो घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि खेळून दोन तासांच्या आत. फोरएक्समध्ये दोन तासांत तुमची धड चार शहरंपण होत नाहीत, एआयचं पितळ उघडं पडतं ते मधल्या खेळात. एजची एक मॅच साधारण तासाभरात संपते, म्हणजे मुदतीच्या आत अरेबिया मॅपवर एक पूर्ण मॅच आरामात होते आणि काय ते कळतं. त्यामुळे एज मी पूर्ण किमतीलासुद्धा घ्या म्हणेन, पण लांबलचक टर्न-बेस्ड गेम सेलशिवाय नाही, आणि तोही लोकांनी शेवटपर्यंत खेळून काय लिहिलंय ते वाचूनच.

डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जोड-पॅक) लगेच नको. एआयमधल्या सुधारणा अपडेटमध्ये सगळ्यांना मिळतात, डीएलसीत खेळायला नवीन संस्कृती आणि कॅम्पेन (गोष्टीत गुंफलेल्या लढाया) असतात. घ्यायचाच झाला तर २०२२ चा डायनॅस्टीज ऑफ इंडिया घ्या, राजेंद्र चोळाचं कॅम्पेन आहे आणि गुर्जरांची मेंढरं गिरणीत कोंडून अन्न मिळवायची आयडिया भारी आहे. आणि हो, गुरुवारी दुपारी खेळणार असाल तर आधी सेव्ह करा, आमच्याकडे लाईट जायचा वार तोच.