नसबंदी: तिची की त्याची?
दोन पोरं झाली की ऑपरेशन बायकोचंच, हे आपल्याकडे न विचारताच ठरतं. 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत 37.9 टक्के जोडप्यांत बायकोची नसबंदी अन् नवऱ्याची फक्त 0.3 टक्के जोडप्यांत! तिचं म्हणजे थेट पोटात शिरायचं, भूल, टाके, वर घरकाम कोण करणार. त्याचं बिनटाक्याचं: आधी तिथले केस काढायचे, टाइट अंडरवेअर सोबत न्यायची, सुई टोचते तेवढीच, मग जरा ओढल्यासारखं वाटतं, 15-20 मिनिटांत संपलं, त्याच दिवशी घरी, दोन दिवस बर्फ आणि आठवडाभर जड उचलायचं नाही, सेक्सपण नाही. ताकद बिकद काही जात नाही हो. फक्त एका बाबतीत तिचं सरस, ते लगेच लागू होतं. याला तीन महिने कंडोम वापरून वीर्य तपासायचं, रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले की मगच मोकळे.