संध्याकाळी दाखवलेली लेन्स

भिगवणला डिसेंबरातल्या रविवारी सकाळी साडेआठला माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एरर ०१' उमटलं. नावेपासून जेमतेम पन्नास-साठ फुटांवर रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात चरत होता. नाववाले दादा हळूच म्हणाले, "साहेब, उठतील आता." मी पॅन्टवर लेन्सचे सोनेरी पॉइंट पुसत बसलो होतो, कारण कॅमेराच सांगत होता की लेन्सशी संपर्क होत नाही, पॉइंट पुसा. पुसले, लावली, बटण दाबलं. पुन्हा एरर. तेवढ्यात थवा उठला. गुलाबी-काळ्या पंखांची ती उघडझाप मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. तसं बघायलाही छानच असतं म्हणा, पण त्यासाठी कुणी बेचाळीस हजार मोजत नाही.

लेन्स चारच दिवसांपूर्वी घेतली होती, कॅननची १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स, पहिली आवृत्ती. ही १९९८ साली आली, आणि २०१४ मध्ये कॅननने दुसरी आवृत्ती काढली. पहिलीचा झूम फिरवायचा नसतो, नळी पुढे-मागे ओढायची असते. वजन जवळपास एक किलो चारशे ग्रॅम. नवी आवृत्ती खिशाला झेपत नाही, त्यामुळे पक्ष्यांचे फोटो काढू बघणारे माझ्यासारखे बरेच जण जुनीच शोधत फिरतात. हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, '२०१२ मध्ये नवीन घेतली, फार कमी वापर.' सोबत खोका होता, बिल होतं. फोनवर बोलणारे काका साठीच्या आसपासचे, आवाज मऊ. मी दुपारी येतो म्हटलं, तर म्हणाले, "दिवसभर मी नसतो हो, सहानंतर या ना." आता कळतं की सगळी फसवणूक त्या 'सहानंतर'मध्ये होती. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, ऑफिस सुटल्यावर जाता येईल.

भेट ठरली एका अमृततुल्यबाहेर. उजेड उतरला होता, रस्त्यावरचे दिवे लागायचे होते. मी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि समोरच्या सोसायटीच्या पाटीवर, तारेवरच्या कबुतरावर धरली. फोकस झटकन बसत होता. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर सुरू होतानाचा खट्ट आवाज येत होता. मी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, बदलायला चाक फिरवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "सर, फुल ओपनलाच बघा. लेन्सची खरी परीक्षा तिथेच होते."

हे वाक्य खरं आहे, म्हणून तर मी फसलो. लेन्स पूर्ण उघडी असताना फोटो धारदार आला, चारही कोपरे सारखे आले, तर काच चांगली असं आपण सगळेच मानतो. ४०० मिलिमीटरला या लेन्सचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर एफ ५.६; आकडा वाढला की भोक लहान होतं. मी त्यावर वीसेक फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले. कबुतराच्या मानेवरचं पीसन् पीस दिसत होतं.

फोकस करताना लेन्स नेहमी पूर्ण उघडीच असते. आपण एफ ८ ठेवलं असेल, तर बटण दाबल्यावर क्षणभर आतली आठ पाती मिटतात, फोटो निघतो आणि पाती परत उघडतात. ५.६ वर ठेवलं तर पात्यांना हलायचं कामच नाही. पात्यांना वीज आणि आज्ञा पोचवणारी एक पातळ पट्टीसारखी केबल आत असते. झूम ओढला की ती वाकते, ढकलला की सरळ होते. वर्षानुवर्षं असं होऊन ती तुटते. तुटली तरी फोकस चालतो, स्टॅबिलायझर चालतो, ५.६ वर फोटोही निघतो. पाती मिटायची वेळ आली की मात्र एरर येतो, भिगवणच्या उजेडात आला तसा. संध्याकाळच्या उजेडात कुणी एफ ८ लावत नाही. कॅमेरा ऑटोवर ठेवला तरी तो स्वतःच ५.६ निवडतो.

पुढच्या काचेवर केसासारखा एक ओरखडा होता. तो दाखवून मी तीन हजार कमी करायला लावले आणि स्वतःवर खूश झालो. काकांनी जास्त ताणलंही नाही. कशाला ताणतील? पुढच्या काचेवरचा असा ओरखडा फोटोत दिसतसुद्धा नाही. बघायची होती ती आतली बाजू. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरायचा आणि पुढून डोकवायचं. मी लेन्स घरी आणल्यावर नव्हे, भिगवणहून परतल्यावर ते केलं. आत एका काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती आणि मधोमध धुरकट डाग. सूर्याकडे तोंड करून काढलेले माझे ५.६ चे फोटो दुधात बुडवल्यासारखे का आले होते, ते तेव्हा समजलं.

मग एकेक बघत गेलो. खोक्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. बिल २०१२ चंच होतं, पण त्यावर खोक्याचा क्रमांक होता. लेन्सच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला जोडतो तिथल्या काळ्या कडेवर बारीक अक्षरं होती: यू, आर, मग ०९०२. कॅननच्या त्या काळच्या लेन्सवर हा संकेत असतो. पहिलं अक्षर कारखान्याचं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं अक्षर वर्षाचं, १९८६ ला ए धरून मोजत या, आर म्हणजे २००३. पुढचे दोन आकडे महिन्याचे. म्हणजे २०१२ ला 'नवीन घेतलेली' माझी लेन्स सप्टेंबर २००३ ला बनली होती.

काकांना फोन केला. ते अजिबात चिडले नाहीत. "सर, तुम्ही स्वतः अर्धा तास तपासून घेतलीत ना? माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होती." आवाज तसाच मऊ. दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. पैसे मी माझ्या हाताने, माझ्या मोबाइलवरून पाठवले होते, त्यामुळे चौकीतल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि चहा विचारला, एवढंच.

दुरुस्तीवाल्याने लेन्स हातात घेताच आधी मागचे स्क्रू पाहिले. खाचा घासलेल्या. "आधी कुणीतरी उघडलीय. बुरशी एकदा पुसलीय, तिच्याबरोबर कोटिंगही गेलंय. पुसली तरी परत येणार." केबलचे नऊ हजार सांगितले, हमी नाही. मग त्याने माझा कॅमेरा मागितला, एफ ८ लावलं, लेन्सचं तोंड माझ्याकडे केलं आणि पुढच्या बाजूचं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबलं. त्याने पाती मिटायला हवी होती. मिटली नाहीत, आणि कॅमेरा अडकला. तीन सेकंदांचं काम. ते बटण माझ्या कॅमेऱ्यावर पहिल्या दिवसापासून आहे, मी कधी दाबलं नव्हतं.

केबल बदलली नाही. लेन्स डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलीय, ऊन पाठीशी असेल तेव्हा ५.६ वर काम भागवते. परवा ऑफिसातल्या एकाच्या भाच्याने विचारलं, विकणार का. बुरशी, केबल, २००३, सगळं सांगितलं, बारा हजार म्हटलं, आणि शनिवारी दुपारी बारा वाजता गच्चीवर बोलावलंय. तो अजून विचार करतोय.